दारू सोडणाऱ्या माणसाचे पहिले पाच दिवस

नेमाने दारू पिणारा मनुष्य ती एकाएकी बंद करतो, असे प्रसंग भिवपुरीच्या परिसरात, किंबहुना कर्जत व खालापूर ह्या दोन्ही तालुक्यांत वर्षातून अनेकदा येतात. गटारी अमावास्या उलटली, आता श्रावण पाळावयाचा, म्हणून कोणी थांबतो. कोणी कार्तिकीला आळंदीस जाऊन माळ घालतो. लावणीच्या दिवसांत हातात पैसा उरत नाही, म्हणूनही कित्येकांची दारू सुटते. घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. हा निश्चय स्तुत्य आहेच. परंतु जो रोज पितो आणि सकाळी घोट घेतल्यावाचून ज्याच्या हाताचा कंप थांबत नाही, त्याच्या जिवास खरा धोका ह्याच दिवसांत असतो, ही गोष्ट खेड्यात फारशी माहीत नाही.

दारू मेंदूचे व्यापार मंद करते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू ह्या मंदपणाला तोंड देण्यासाठी सतत अधिक जोराने काम करू लागतो. जड ओझे ओढणाऱ्या बैलांचा दोर अवचित तुटला तर ते जसे पुढे कोसळतात, तशी दारू तुटताच मेंदूची गत होते. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात थरथरणे, घाम, मळमळ आणि निद्रानाश सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही रोग्यांना भ्रम होतो: अंगावर किडे चालत आहेत असे वाटते, नसलेली माणसे दिसतात, स्थळकाळाचे भान सुटते, ताप चढतो. उपचार न मिळाल्यास ह्या अवस्थेत मृत्यू ओढवू शकतो.

अशा वेळी 'बाहेरचे लागले' असे समजून भगताकडे धाव घेतली जाते. भगतावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याशी वाद घालण्यात गावपातळीवरील कार्यकर्त्याने वेळ दवडू नये. 'दारू किती दिवसांपूर्वी थांबली?' एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर पाच दिवसांच्या आतले असेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व रोग्यास कर्जतच्या शासकीय रुग्णालयात हलवावे. भगताचे जे काही असेल ते मागाहून होईल. रोग्यास खोलीत कोंडून किंवा बांधून ठेवणे हा उपाय नव्हे.

रुग्णालयात मेंदू शांत करणारी औषधे देऊन त्यांची मात्रा काही दिवसांत क्रमाने उतरवितात. त्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व टोचतात, आणि ह्याचे महत्त्व मोठे आहे. जेवणाऐवजी दारूवर दिवस काढणाऱ्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व फार थोडे उरलेले असते. त्याला ते न देता केवळ ग्लुकोजचे सलाईन लावले, तर मेंदूस कायमची इजा होण्याचा संभव असतो. 'अशक्तपणा आहे, एक बाटली लावा' असा आग्रह नातलगांनी धरू नये. रोगी रोज किती पितो व शेवटची केव्हा प्यायला, हे मात्र डॉक्टरांना लाज न बाळगता सांगावे.

जेवणातून चोरून देण्याच्या गोळ्या-पुड्यांबद्दल येथेच सांगितले पाहिजे. डायसल्फिराम नावाचे एक औषध डॉक्टर देतात. ते घेतलेल्याने दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. रोग्याने जाणून-समजून घेतले तरच त्याचा उपयोग आहे. नकळत भाकरी-कालवणातून दिले गेले आणि रोगी त्यावर प्याला, तर प्राणावर बेतू शकते. बाजारात मिळणाऱ्या निनावी पुडीत काय आहे हे तर विकणाराही सांगू शकत नाही.

पुढील उपचारांची वाट दूरची असली तरी अवघड नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे केंद्र अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात आहे. पण भिवपुरी रोड स्थानकावरून थेट लोकल मिळत असल्याने पुष्कळांना १९०१ सालापासून चालत आलेले ठाण्याचे शासकीय मनोरुग्णालयच सोयीचे पडते. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट ह्यांनी १९८६ साली स्थापिलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. तेथे रोग्यास ठेवून घेतात, आणि घरच्यांनाही त्याच्याशी कसे वागावे हे शिकवितात. घरबसल्या सल्ला हवा असल्यास १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा 'टेलि-मानस'चा, असे दोन निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहेत. दुसऱ्यावर मराठीतून बोलता येते. कर्जतमधील श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे नाव येथे सर्वांच्या परिचयाचे आहे, विशेषतः डॉ. भरत वाटवानी ह्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाल्यापासून. परंतु ते रस्त्यावर भटकणाऱ्या निराधार मनोरुग्णांसाठी आहे, घरच्या मद्यपीस तेथे नेऊन उपयोग नाही.

दारू सुटल्यावर पहिले काही आठवडे मन खिन्न राहते. देणे, मोडलेला संसार, गेलेली पत हे सारे शुद्धीवर आल्यावरच दिसू लागते. 'जगून काय करू' असे उद्गार कानी आल्यास ते हसण्यावारी नेऊ नयेत. जवळ बसून सरळ विचारावे. विचारल्याने तसा विचार मनात भरत नाही. अशा घरातील कीटकनाशकांच्या बाटल्या त्याच दिवशी हलवाव्यात व शेजाऱ्याकडे कुलपात ठेवाव्यात. कोणी विष घेतलेच, तर पोलिसांच्या भीतीने लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा व्यक्तीस तीव्र ताणाखाली असलेली समजून तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. औषधाची बाटली रोग्याबरोबर रुग्णालयात न्यावी.

लावणी-कापणीच्या वेळी दिवसाअखेर मजुरांना दारू पाजण्याची रीत काही शेतकरी अजून पाळतात. उपचार घेऊन आलेला माणूस त्याच बांधावर काम करीत असतो, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. चहा व रोख मजुरी दिल्याने लावणी अडत नाही.

एवढे करूनही माणूस पुन्हा पितो असे पुष्कळदा घडते. तेव्हा पहिला उपचार फुकट गेला असे मानून त्याला सोडून देऊ नये, आणि 'मागे एकदा सुटली होती, आता घरीच सोडवू' असेही म्हणू नये. दारू जितक्या वेळा एकाएकी तुटते, तितके पुढच्या वेळचे झटके अधिक तीव्र होण्याचा संभव असतो. दुसऱ्या खेपेसही पहिले पाच दिवस रुग्णालयातच काढावेत.