मेंढीला जुळी झाली, पण जगली किती?

बकरी ईद जवळ आली की कोराडीत घराघरांत बकरे, मेंढे बांधलेले दिसतात आणि शाळेतल्या पोरांचे प्रश्नही सुरू होतात. एकाने विचारलं, "सर, आमच्या बकरीला दोन पिल्लं होतात, मेंढी एकच का देते?" प्रश्न साधा आहे, पण आपल्याच महाराष्ट्रात त्यावर तीस वर्षांहून जास्त काम झालं आहे.

सातारा जिल्ह्यातल्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. बी. व्ही. निंबकर यांनी ती १९६८ मध्ये सुरू केली. धनगर बांधवांची दख्खनी मेंढी काटक, पण बहुतेक वेळा एका वेताला एकच कोकरू देते. दुसरीकडे बंगालच्या सुंदरबनात चिखल-दलदलीत चरणारी गॅरोल नावाची मेंढी आहे. अंगाने अगदी लहान, पण जुळी-तिळी तिला नेहमीची. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोघींचा संकर केला. त्यातून पुढे 'नारी सुवर्णा' मेंढी तयार झाली.

खरी मजा पुढे आहे. ऑस्ट्रेलियात बुरुला मेरिनो नावाची जुळी देणारी मेंढी प्रसिद्ध होती. तिच्यातलं आणि गॅरोलमधलं जनुक एकच निघालं. अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून जहाजाने सिडनीला गेलेल्या बंगाली मेंढ्यांतून ते तिकडे पोहोचलं, असं मानतात. या जनुकाला 'फेक-बी' म्हणतात. २००१ मध्ये त्यातला नेमका बदल सापडला. त्यामुळे मेंढीच्या अंडाशयातून एका वेळी जास्त बीजं सुटतात.

आता गंमत बघा. नराला तर कोकरं होत नाहीत. मग त्याच्यात हे जनुक आहे हे कळणार कसं? पूर्वी त्याच्या मुली विण्यापर्यंत थांबावं लागे. आता रक्ताचा थेंब तपासला की कळतं. जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला नर कळपात सोडला, तर त्याच्या प्रत्येक मुलीला एक प्रत मिळतेच. दख्खनी रक्ताच्या मेंढीत एका प्रतीने वेतामागे सरासरी अर्ध्या कोकराच्या आसपास वाढ होते. दोन मेंढ्यांमागे एक जास्तीचं कोकरू समजा.

पण माझ्या मते खरा हिशोब जन्माला किती आली हा नाहीच, दूध सुटेपर्यंत किती जगली हा आहे. एकटं कोकरू साधारण तीन किलोचं असतं, जुळ्यातलं दोन-अडीच. अंगावर चरबी नाही, लवकर गारठतं. आणि मेंढीच्या पोटात असताना कोकराला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. ती मिळते चिकातून, तीही पहिल्या दिवसातच. नंतर आतड्याची ती वाट बंद होते. म्हणून जन्मल्यावर तास-दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. अडीच किलोच्या कोकराला पहिल्या चोवीस तासांत थोडा थोडा करून अर्धा लिटर लागतो. आपल्याकडे काही घरांत हा चीक "जड पडेल" म्हणून पिळून टाकतात. कृपा करून असं करू नका.

दुसरी गोष्ट आईच्या खुराकाची. मेंढी साधारण पाच महिने गाभण असते, पण कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. तेव्हा ढेप, चुनी, हिरवा चारा द्यायला हवा. दोन पोटात असतील तर अजून जास्त. नुसत्या रानातल्या चाऱ्यावर ठेवून जुळ्यांची आशा धरली, तर दोन्ही कोकरं अशक्त आणि आईला दूध नाही, असं होतं. दूध कमी पडलं तर दुसऱ्या कोकराला शेळीचं पाजता येतं.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मक्केत बकऱ्या चारल्या हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मग गाभण मेंढी स्वस्तात मिळते म्हणून कापायला घेताना थोडं थांबावं ना! बाजारात मादी घेताना पोट तपासून घ्या. कोराडीहून नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय काही लांब नाही, शंका असली तर तिथे विचारता येतं. आंत्रविषाराची लस विण्याआधी टोचून घेतली तर चिकातून कोकरालाही संरक्षण मिळतं.

प्रश्न विचारणाऱ्या त्या पोराच्या घरी एक मेंढी आहे, थंडीत विणार आहे. नाळेला लावायला टिंक्चर आयोडीनची बाटली आणि कोकराखाली टाकायला कोरडं पोतं त्याने आतापासूनच जमवून ठेवलंय.