तार शाबूत, तरी ‘फोन लाइन फॉल्ट’

घरातल्या अलार्म पॅनेलवर ‘फोन लाइन फॉल्ट’चा दिवा लागतो, बीप सुरू होते, आणि बैठकीतला फोन उचलून पाहावा तर डायल टोन खणखणीत. अशा वेळी पॅनेल बिघडले, असे ठरवून बरेच जण मोकळे होतात. पण पॅनेलला डायल टोनशी देणेघेणे नसते. ते आपल्या टर्मिनलवरचा व्होल्टेज तेवढा मोजते, आणि तिथे तो बहुधा खरोखरच कमी भरलेला असतो.

तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजकडून सुमारे 48 व्होल्टचा डीसी पुरवठा येतो. रिसीव्हर उचलला की तो बहुधा 6 ते 10 व्होल्टपर्यंत उतरतो. तार कापली की शून्य. घरफोड्या आत शिरण्याआधी फोनची तार कापतो, या जुन्या अनुभवातून ही देखरेख आली. डीएससी कंपनीच्या पॉवरसीरिज पॅनेलांत दर 10 सेकंदांनी तपासणी होते. व्होल्टेज 3च्या खाली सलग काही वेळा सापडला की इशारा उमटतो. काही पॅनेलांची मर्यादा याहून वर असते. तिथे एखाद्या खोलीतला रिसीव्हर नीट ठेवला गेला नाही, एवढ्यानेही बोंब होते. म्हणून आधी घरातले सगळे फोन पाहून घ्यावेत.

म्हैसूर हे निवृत्तांचे शहर. मुले बेंगळुरूला किंवा परदेशी, आणि महिनोन्‌महिने कुलूपबंद राहणारी घरे पुष्कळ, म्हणून ही देखरेख इथे महत्त्वाची. यादवगिरी, सरस्वतीपुरम यांसारख्या जुन्या वसाहतींत खांबावरून घरात येणारी तारही घराइतकीच जुनी असू शकते. इथे पाऊस मे आणि ऑक्टोबरमध्ये जोर धरतो. उघड्या सांध्यात किंवा तारा जोडणाऱ्या डीपी बॉक्समध्ये पाणी शिरले की दोन तारांमध्ये गळती होते, फोनवर खरखर येते आणि व्होल्टेज घसरतो. सकाळी फॉल्ट आणि दुपारी ऊन पडताच तो गायब, असे चालले असेल तर पॅनेल उघडण्याची गरजच नाही, सांधा शोधावा. वळवाच्या विजांनी मात्र पॅनेलमधला सर्ज रोधक अर्धवट जळू शकतो आणि मग तोच लाइन खाली ओढू लागतो.

फायबर आल्यापासून दुखणे बदलले. आता फोनची तार एक्स्चेंजमधून न येता घरातल्याच ओएनटी नावाच्या डबीतून निघते. ‘चेस्कॉम’ची वीज गेली की ही डबी बंद पडते. पॅनेलला स्वतःची 12 व्होल्टची बॅटरी असल्याने ते जागेच राहते आणि लाइन मेल्याची नोंद करते. वीज येताच फॉल्ट मिटत असेल, तर ओएनटीला छोटा यूपीएस जोडणे एवढाच उपाय. शिवाय काही ओएनटी 48पेक्षा बराच कमी व्होल्टेज देतात. जास्त मर्यादेचे पॅनेल त्यावर समाधानी होत नाही. आवाज दाबून पाठवणाऱ्या इंटरनेट कॉलवर पॅनेलचे संकेतस्वरही विकृत होतात, म्हणून फॉल्ट गेला तरी संदेश पोहोचतोच असे नाही.

तपासणीला साधा मल्टिमीटर पुरतो. पेटी उघडण्यापूर्वी पॅनेलचे संदेश घेणाऱ्या देखरेख केंद्राला कळवावे आणि पॅनेल टेस्ट मोडवर टाकावे, नाहीतर टॅम्पर स्विचमुळे भोंगा वाजेल. घंटी वाजताना लाइनवर 75 व्होल्टच्या वरही एसी येऊ शकतो, तेव्हा उघड्या तारेला हात लावू नये. विजा चमकत असताना तर हे काम काढूच नये. बाहेरून आत येणारी जोडी टिप आणि रिंग या टर्मिनलवर असते, तिथे व्होल्टेज मोजावा. तो कमी असेल तर ती जोडी सोडवून नुसत्या तारेवर पुन्हा मोजावा. आता 48च्या आसपास आला, तर लाइन ओढणारा दोषी पॅनेलमध्ये किंवा त्यापुढच्या घरातल्या वायरिंगमध्ये आहे. बाहेरची जोडी परत जोडून घराकडे जाणारी जोडी वेगळी करताच फॉल्ट गेला, तर वायरिंग. नाही गेला, तर पॅनेल. सुटी केलेली तारही कमीच दाखवत असेल, तर खांबापासून पॅनेलपर्यंतचा भाग लाइनमनला दाखवावा. टर्मिनलवर व्होल्टेज पुरेसा असून दिवा जळतच असेल, तेव्हाही पॅनेललाच नावे ठेवावीत.

जुन्या घरांत आणखी एक प्रकार सर्रास आढळतो: लँडलाइन परत केलेली असते, पॅनेलला मात्र ते कोणी सांगितलेलेच नसते. तिथे प्रोग्रामिंगमधून लाइन देखरेख बंद करणे हाच योग्य इलाज आहे. लाइन चालू असताना, निव्वळ बीपला कंटाळून ती बंद करणे चूक. क्षणिक घसरणीचा त्रास असेल तर इशाऱ्याची मुदत थोडी वाढवावी. लँडलाइनऐवजी जीएसएमवर, म्हणजे मोबाइल नेटवर्कवर, विसंबायचे ठरवले, तर त्यावरून पाठवलेला चाचणी संदेश खरोखर पोहोचल्याची खात्री करूनच लँडलाइनची देखरेख काढावी.