शौचकूपातील पाणी का वाहत नाही?

शिवणयंत्र, घड्याळ किंवा विजेचा पंखा यांना आपण यंत्रे म्हणतो. शौचकूपाला मात्र तो मान द्यावयास सहसा कोणी तयार होत नाही. वस्तुतः भिंतीलगतची पाण्याची टाकी आणि तिच्याखालचे चिनी मातीचे भांडे ही दोन्ही मिळून एक यंत्रच होय. त्यात वीज नाही, इंजिन नाही. सारे काम केवळ पाण्याच्या वजनावर चालते. ते बिघडले असता नवख्या माणसाने त्याच्या अंतरंगात डोकावून पाहण्यास कचरण्याचे कारण नाही. टाकीतील पाणी नळातून आलेले, स्वच्छ पाणी असते. ही साधी गोष्ट ध्यानात न आल्यामुळे पुष्कळ लोक टाकीचे झाकण उचलावयासही धजत नाहीत, आणि दहा मिनिटांच्या कामासाठी दोन दिवस कारागिराची वाट पाहत बसतात.

दुरुस्तीचा आरंभ हत्याराने नव्हे, एका प्रश्नाने करावा. बिघाड वरच्या टाकीत आहे की खालच्या भांड्यात? या प्रश्नाचे उत्तर एक बादलीभर पाणी देते. भांडे आधीच काठोकाठ भरलेले नसेल, तर सात-आठ लिटर पाणी कमरेइतक्या उंचीवरून एकाच धारेने झपाट्याने ओतावे. पाणी आवाज करीत निघून गेले, तर खालचा मार्ग मोकळा आहे आणि दोष टाकीत आहे असे समजावे. उलट पाणी वर चढून रेंगाळले व सावकाश उतरले, तर मार्गात अडथळा आहे हे निश्चित.

येथे एक शंका येईल. तेच आठ लिटर पाणी तांब्या-तांब्याने ओतले तर का चालत नाही? भांड्याच्या खाली नळी वळसा घेऊन आधी वर चढते आणि मग उतरते. या वळशात पाणी नेहमी अडून राहते, आणि गटारातील दुर्गंधी व वायू त्यामुळे घरात येऊ शकत नाहीत. लंडनमध्ये घड्याळे बनविणारे अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली अशा वळणदार नळीचे पेटंट घेतले. घड्याळजीला नळाची विद्या सुचावी, हे विज्ञानाच्या इतिहासात काही नवल नव्हे. या वळशात पाणी तांब्याने सोडले, तर जेवढे आत आले तेवढेच पलीकडच्या काठावरून शांतपणे ओसंडते. मैला जागचा हलत नाही. पाणी एकदम आले म्हणजे मात्र अलीकडची पातळी क्षणभर बरीच उंच होते, त्या उंचीचा दाब वळशातील सर्व पाण्यावर पडतो आणि ते मैल्यासह पलीकडे ढकलले जाते. म्हणजे येथे महत्त्व पाण्याच्या मापाला आहे त्याहून अधिक त्याच्या वेगाला आहे. ज्या घरांत टाकी नाही आणि बादलीनेच पाणी टाकतात, तेथेही हाच नियम लागू पडतो. टाकीचे कार्य तरी दुसरे काय? पाणी सावकाश साठवावयाचे आणि काही सेकंदांत एकदम सोडावयाचे, एवढेच.

आता टाकीकडे वळू. झाकण उचलून ते सपाट जागी ठेवावे. चिनी मातीचे झाकण भिंतीला टेकवून ठेवले की घसरून फुटते.

टाकी रिकामी असेल, तर प्रथम तिच्या नळीवरील कोपऱ्यातली तोटी उघडी आहे ना, ते पाहावे. घर झाडताना ती कोणीतरी फिरविलेली असणे ही अगदी नित्याची गोष्ट आहे. तोटी उघडी असूनही पाणी येत नसेल, तर ती बंद करून नळीचा आटा सोडवावा. पुष्कळ टाक्यांत आत शिरण्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते व गच्चीवरील टाकीतला गाळ तेथे साचतो. जुन्या टूथब्रशने ती स्वच्छ केली की काम भागते. सर्वांत वरच्या मजल्यावरील लोकांची तक्रार निराळी असते. गच्चीवरील टाकी त्यांच्यापासून फार उंच नसते, आणि पाण्याचा दाब उंचीच्या दर मीटरला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ०.१ किलोग्रॅम इतकाच वाढतो. तीन मीटर उंचीवर तो ०.३ च्या पुढे जात नाही. मोठ्या दाबासाठी बनविलेल्या झडपेचे छिद्र बारीक असते. ती येथे बसविल्यास टाकी भरावयास फार वेळ लागतो. अशा जागी कमी दाबाची झडप मागून घ्यावी.

टाकी अर्धीच भरत असेल, तर तरंगत्या गोळ्याकडे पाहावे. पाणी चढते तसा हा पोकळ गोळा वर उचलला जातो व ठराविक पातळीला झडप बंद करतो. गोळा फार खाली बसविलेला असल्यास झडप लवकर मिटते. जुन्या टाक्यांत गोळ्याची पितळी दांडी किंचित वर वाकवावी; नव्या प्लॅस्टिकच्या टाक्यांत त्यासाठी स्क्रू असतो. पाण्याची पातळी मधल्या उभ्या नळीच्या तोंडाखाली दोन-अडीच सेंटिमीटर राहावी, त्याहून वर नको.

पाणी येते पण टिकत नाही, असेही होते. तळाची रबरी झडप झिजली वा तिच्याखाली कचरा अडकला, तर पाणी आवाज न करता भांड्यात झिरपत राहते. शाळकरी मुलालाही करता येईल असा याचा एक प्रयोग आहे. टाकीत शाईचे पाच-सहा थेंब टाकावेत आणि वीस मिनिटे कोणी पाणी सोडू नये. भांड्यात रंग उतरला, तर झडप गळते हे सिद्ध झाले. झडप पुसून, तिची बैठक बोटाने चाचपून पाहावी. रबर कडक झाले असेल तर नवे बसवावे. दुकानात जाताना जुने रबर बरोबर न्यावे, कारण आकार अनेक आहेत आणि तोंडी वर्णनावर भागत नाही.

टाकी भरलेली आहे, परंतु दांडा किंवा बटण दाबूनही काही घडत नाही. याचा अर्थ दांडा व झडप यांना जोडणारी कडी, साखळी वा दोरी सुटली आहे. साखळी तुटली नसेल पण सैल पडली असेल, तरी झडप पुरती उचलली जात नाही. भारतातील पुष्कळ टाक्यांत झडपेऐवजी वक्रनलिका असते. तिच्यात दांड्याने एक चकती उचलली जाते, चकतीवरील पातळ पापुद्र्यामुळे पाणी वर ढकलले जाते आणि वाकणावरून ओघ सुरू झाला की टाकी आपोआप रिकामी होते. तो पापुद्रा फाटला, म्हणजे चार-पाच वेळा दांडा खालीवर केल्याशिवाय ओघ सुरू होत नाही. अशा वेळी लोक दांड्याला दोष देतात. बदलावा लागतो तो पापुद्रा. जुन्या इमारतींत उंचावर बिडाची टाकी आणि लोंबती साखळी अजूनही दृष्टीस पडते. तिच्यात साखळी ओढली असता जड घंटा उचलली जाते व सोडल्यावर ती पडून पाणी ढकलते. म्हणून पाणी ओढताना नव्हे, सोडताना वाहते. साखळी हळूहळू सोडणाऱ्याच्या पदरी निराशाच येते.

टाकी नीट वाहते पण ओघ दुबळा आहे, असे असल्यास भांड्याच्या कडेखालील छिद्रे आरशात पाहावीत. विंधन विहिरीच्या दुष्फेन पाण्यातील चुना तेथे साचतो. व्हिनेगरमध्ये भिजविलेल्या कापडाच्या पट्ट्या रात्रभर तेथे दाबून ठेवल्या, तर तो विरघळतो.

अडथळा भांड्यात असल्यास रबरी वाटीचा दट्ट्या आणावा. वाटी पूर्ण बुडेल इतके पाणी भांड्यात हवे. हवा दाबली की आकसते, पाणी जवळजवळ आकसत नाही. वाटीत हवा राहिली तर आपले सर्व बळ ती हवा दाबण्यातच खर्ची पडते. म्हणून पहिला दाब सावकाश देऊन हवा बाहेर काढावी आणि मग पंधरा-वीस वेळा जोराने खाली-वर करावे. ओढणे हे दाबण्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण बोळा पुढे सरकत नसेल तर मागे-पुढे हलून तो सैल होतो. तेवढ्याने भागले नाही, तर लवचीक स्प्रिंगची तार फिरवीत आत घालावी. उकळते पाणी ओतू नये. चिनी मातीला तडा जाऊ शकतो.

आणखी एक गोष्ट येथे आवर्जून सांगणे भाग आहे. संडास साफ करण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर ही दोन्ही एकापाठोपाठ भांड्यात टाकू नयेत. त्यांच्या संयोगाने क्लोरीन वायू निर्माण होतो, आणि लहानशा बंद खोलीत तो फुप्फुसांना घातक ठरतो. तुंबलेल्या भांड्यात तर आधी टाकलेले द्रव्य वाहून गेलेले नसते, म्हणून धोका अधिक. काहीही टाकलेले असल्यास ते कारागिराला आधी सांगावे.

घरातील न्हाणीचे पाणीही त्याच वेळी रेंगाळू लागले असेल, तर दोष भांड्यात नसून पुढच्या चेंबरमध्ये किंवा मैल्याच्या टाकीत आहे. येथे नवख्याचे काम संपते. मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साठतात. त्यांपैकी पहिल्याचा वास प्रमाण वाढले की उलट जाणवेनासा होतो, कारण तो घ्राणेंद्रियच बधिर करतो. वास नाही म्हणून टाकी सुरक्षित आहे असे मानून माणसे आत उतरली आणि परतली नाहीत, असे आपल्या देशात वारंवार घडले आहे; पाठोपाठ वाचवावयास गेलेलाही पुष्कळदा गेला. संरक्षक साधनांवाचून अशा टाकीत वा गटारात माणूस उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे, मग तो माणूस स्वखुशीने तयार असला तरी. मैला उपसणारी यांत्रिक गाडी नगरपालिकेकडून किंवा खाजगी व्यावसायिकाकडून बोलवावी, आणि ती येईपर्यंत झाकण लावलेलेच ठेवावे.