गाडी पाहावी बांधून



आपल्या मंडळातील बऱ्याच घरांतली मुले आता मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेनला स्थायिक झाली आहेत. तिकडे घराला गॅरेज असते, हाताशी अवजारे असतात आणि शनिवार-रविवार मोकळा मिळतो. त्यातून काहींना एक वेगळाच छंद जडतो. परदेशातून सुट्या भागांचा संच मागवायचा आणि स्वतःच्या हाताने मोटार बांधायची. तिला तिकडे ‘किट कार’ म्हणतात. खर्च मोठा असल्याने घरच्यांशी सल्लामसलत होते, कधी मदतही मागितली जाते. यंत्राचे ज्ञान आमचे नाही. पण नियम, मंजुरी आणि कागदपत्रे यांत आम्ही बँकवाल्यांनी आयुष्य घालवले आहे. म्हणून आमचा पहिला प्रश्न असतो, की ही गाडी शेवटी रस्त्यावर चालवता येईल ना? येईल, पण मंजुऱ्या योग्य क्रमाने घेतल्या तरच. तो क्रम समजावा म्हणून हा लेख.

किट कार म्हणजे काय?

या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध गाडी म्हणजे ‘लोटस सेव्हन’. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ती १९५७ मध्ये ब्रिटनमध्ये आणली. तयार मोटारीवर तिथे खरेदी कर लागत असे, सुट्या भागांच्या संचावर तो लागत नसे. त्यामुळे गाडी घरी आणून जोडणारे गिऱ्हाईक पुष्कळ मिळाले. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. त्या घाटाच्या, उघड्या टपाच्या दोन आसनी गाडीला ऑस्ट्रेलियात ‘क्लबमन’ म्हणतात. दुसरा लोकप्रिय प्रकार म्हणजे १९६० च्या दशकातील ‘एसी कोब्रा’ची प्रतिकृती.

संचात साधारणपणे चासी म्हणजे सांगाडा, बाहेरचे पत्रे किंवा फायबरचे अंग आणि सस्पेन्शनचे भाग येतात. इंजिन आणि गिअरबॉक्स बहुधा दुसऱ्या एखाद्या गाडीतून काढून घेतात.

दोन सरकारे, दोन मंजुऱ्या

ऑस्ट्रेलियात वाहनाचे काम दोन स्तरांवर चालते. देशात वाहन आणणे आणि ते पहिल्यांदा बाजारात देणे हा केंद्राचा विषय. त्यासाठी ‘रोड व्हेइकल स्टँडर्ड्स ॲक्ट २०१८’ हा कायदा आहे. १९८९ च्या जुन्या कायद्याची जागा घेऊन तो १ जुलै २०२१ पासून पूर्णपणे लागू झाला. गाडीला नंबर देणे आणि ती रस्त्यावर चालवू देणे हा मात्र राज्याचा विषय.

कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांच्या एका नमुन्याची कसून तपासणी होते आणि त्यावर सगळ्या मॉडेलला मान्यता मिळते. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयमध्ये अशाच चाचण्या होतात. घरी बांधलेली गाडी एकटीच असते, तिला हा मार्ग लागू पडत नाही. तिच्यासाठी राज्ये ‘इंडिव्हिज्युअली कन्स्ट्रक्टेड व्हेइकल’, थोडक्यात ‘आयसीव्ही’, या वर्गात नोंदणी देतात. आपल्या किट कारची वाट तीच.

परदेशातून खोका मागवताना पहिली अडचण इथेच येते. आत आहे ते निव्वळ सुटे भाग की अर्धवट बांधलेली गाडी? ‘हे फक्त पार्ट्स आहेत’ असे विक्रेत्याने म्हणून भागत नाही, कारण ते ठरवणे त्याच्या हातात नाही. सीमेवर ती गाडी ठरली, तर आयातीची आगाऊ मंजुरी लागते. म्हणून पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून भागांची पूर्ण यादी घ्यावी, ती केंद्राच्या वाहन विभागाला पाठवावी आणि उत्तर लेखी मिळवावे. मंजुरी हाती येण्यापूर्वी माल जहाजावर चढवू नये. तो बंदरात पडून राहिला तर साठवणुकीचे भाडे रोज चढते, आणि शेवटी परत पाठवायची वेळ आली तर तोही खर्च आपलाच.

बंदरावरचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न ॲस्बेस्टॉसचा. ३१ डिसेंबर २००३ पासून ऑस्ट्रेलियात ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आहे. जुन्या ब्रेक पॅडमध्ये, क्लच प्लेटमध्ये, गॅस्केटमध्ये तो असू शकतो. थोडासुद्धा चालत नाही. संचात जुने भाग असतील तर तो नसल्याचा पुरावा आधीच तयार ठेवावा.

दुसरा प्रश्न किडे-माती-बियांचा. शेतीला धोका नको म्हणून जैवसुरक्षा तपासणी कडक असते. १ सप्टेंबर ते ३० एप्रिल या काळात ठरावीक देशांतून निघणाऱ्या वाहनांवर आणि यंत्रभागांवर एका दुर्गंधी ढेकणासाठी उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रिया करावी लागते. त्याचा खर्च वेगळा.

तिसरा प्रश्न कराचा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. संचाची किंमत २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, त्यावर ५ टक्के आयात शुल्क १,००० डॉलर, आणि वाहतूक व विमा मिळून ४,००० डॉलर. जीएसटी १० टक्के आहे, पण तो नुसत्या किमतीवर लागत नाही. किंमत, शुल्क, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागतो. म्हणजे २५,००० वर २,५०० डॉलर. २०,००० चा संच गॅरेजपर्यंत येईस्तोवर २७,५०० चा झाला, आणि इंजिन अजून यायचेच आहे. ब्रिटनशी झालेला व्यापार करार ३१ मे २०२३ पासून लागू असल्याने तिथल्या बहुतांश मालावरील शुल्क माफ आहे, पण त्यासाठी माल मूळचा ब्रिटनचाच असल्याचा पुरावा लागतो.

जुने रूप, नवे नियम

सर्वांत जास्त गैरसमज याच मुद्द्यावर होतो. गाडी १९६५ च्या कोब्रासारखी दिसते म्हणून तिला १९६५ चे नियम लागत नाहीत. ती आज बांधली, म्हणून ती नवी गाडी. तिला ‘ऑस्ट्रेलियन डिझाइन रूल्स’, म्हणजे एडीआर, हे नियम लागतात. सीटबेल्टसाठी नियम ४, बेल्ट जिथे बसवतात त्या जागांच्या मजबुतीसाठी नियम ५, धुरासाठी नियम ७९, आवाजासाठी नियम ८३, आणि असे इतर अनेक.

जुने कार्ब्युरेटरचे इंजिन घासूनपुसून बसवले तर ते सुरेख वाजेल, पण धुराच्या नियमात अडकेल. त्यामुळे जाणकार लोक ऑस्ट्रेलियात मान्यता मिळालेल्या अलीकडच्या गाडीचे इंजिन घेतात. तेही त्याच्या मूळ संगणकासह आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह. दिवे, काचा आणि बेल्ट मान्य खुणेचे घ्यावेत. नंतर ते बदलणे फार महागात पडते.

ब्रिटनमध्ये एकेकट्या गाडीला ‘आयव्हीए’ तपासणी असते. विक्रेते त्या प्रमाणपत्राची जाहिरात करतात. ऑस्ट्रेलियात मात्र त्यावर नोंदणी मिळत नाही, फार तर अभियंत्याला थोडी माहिती मिळते. अमेरिकेहून संच मागवणाऱ्यांनी स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे ते आधी पाहावे. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखीच वाहतूक डावीकडून चालते आणि स्टिअरिंग उजवीकडे लागते.

अभियंता आधी, खोका नंतर

घरबांधणीचे कर्ज देताना आम्ही पाया, स्लॅब, भिंती अशा टप्प्यांनी रक्कम सोडत असू, आणि प्रत्येक टप्पा डोळ्यांनी पाहून. इथेही रीत तीच आहे. न्यू साउथ वेल्समध्ये परवानाधारक ‘सर्टिफायर’, व्हिक्टोरियात ‘व्हास’ योजनेतील अभियंता, क्वीन्सलँडमध्ये ‘अप्रूव्हड पर्सन’ अशी राज्यागणिक नावे वेगळी आहेत. त्याच्या सहीवाचून गाडी पुढे सरकत नाही.

हा माणूस संच मागवण्यापूर्वी गाठावा. त्याला नकाशे, भागांची यादी आणि इंजिनाचा तपशील दाखवावा आणि लेखी मत घ्यावे. पुढे सांगाडा उघडा असताना, जोड रंगाखाली झाकले जाण्याआधी, ब्रेकच्या नळ्या दिसत असताना त्याला बोलवावे. गाडी रंगवून चकचकीत झाल्यावर नेली, तर आतले वेल्डिंग त्याला दिसत नाही, आणि न पाहिलेल्या कामावर तो सही करणार नाही. करूही नये.

‘व्हेइकल स्टँडर्ड्स बुलेटिन १४’ या राष्ट्रीय संहितेत या कामाचे निकष दिले आहेत. कारखाना नमुन्याच्या गाड्या भिंतीवर आदळून पाहतो. एकुलत्या एका गाडीचे तसे करता येत नाही. म्हणून सांगाड्याचा ताठपणा मोजतात. एक टोक घट्ट पकडून दुसऱ्या टोकाला पीळ द्यायचा आणि तो किती अंशांनी वळतो ते पाहायचे. मधोमध वजन ठेवून तो किती वाकतो तेही पाहायचे. त्याखेरीज ब्रेक, आवाज आणि धूर यांच्या चाचण्या वेगळ्या.

नोंदणीच्या दिवशी

अभियंत्याचे प्रमाणपत्र हाती आले, की राज्याच्या कार्यालयात गाडीची ओळख पटवावी लागते. गाडीला १७ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक लागतो. संच, इंजिन, गिअरबॉक्स यांच्या पावत्या लागतात, कारण भाग चोरीचे नाहीत हे दाखवायचे असते. ज्या जुन्या गाडीतून इंजिन घ्यायचे, तिची ‘पीपीएसआर’ या राष्ट्रीय नोंदवहीत चौकशी करावी. तिच्यावर कुणाचे कर्ज आहे का, ती चोरीची म्हणून नोंदली आहे का, हे तिथे कळते. आपल्याकडे आरसी पुस्तकावर बँकेचा बोजा पाहतात, त्यातलाच प्रकार.

सक्तीचा विमाही हवा. न्यू साउथ वेल्समध्ये तो ‘ग्रीन स्लिप’ नावाने वेगळा घेतात, व्हिक्टोरियात नोंदणीच्या रकमेतच येतो. हा विमा अपघातात जखमी झालेल्या माणसांसाठी असतो. गाडीच्या नुकसानीचा विमा निराळा, आणि तो घेताना गाडी घरी बांधलेली आहे हे विमा कंपनीला स्पष्ट सांगावे. नोंदणीपूर्वी गाडी तपासणीला न्यायची असेल तर तात्पुरता परवाना काढावा किंवा ती ट्रेलरवर न्यावी. गल्लीतल्या गल्लीत एक फेरी मारायचा मोह टाळावा. पुढे नोकरीमुळे दुसऱ्या राज्यात जाण्याची शक्यता असेल तर तिथले नियमही आधीच पाहावेत.

घरच्यांनी काय विचारावे?

मुलाने फोनवर हा विषय काढला, तर आपण इंजिनाबद्दल बोलण्याची गरज नाही. चार कागद विचारावेत. अभियंत्याचे लेखी मत, आयातीबाबत विभागाचे उत्तर, विक्रेत्याची भागनिहाय यादी आणि करासह एकूण खर्चाचा अंदाज. चारही कागद असतील तर मदत जरूर करावी, पण टप्प्याटप्प्याने. एखादा नसेल तर तो येईपर्यंत थांबायला सांगावे.

हा जाच कशासाठी, असे त्याला वाटेल. अशी गाडी हलकी असते, जमिनीलगत चालते आणि बहुधा तिच्यात एअरबॅग नसते. शेजारच्या आसनावर उद्या आपली सून किंवा थोडी मोठी झालेली नात बसणार आहे. तिचा बेल्ट ज्या पट्टीला बसवला आहे, त्या पट्टीचे वेल्डिंग कुणा जाणत्याने पाहिलेले असावे, एवढाच त्या नियमांचा अर्थ.

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. त्यात आता गाडीचीही भर पडली. आपल्या परिचयातील कुणी ऑस्ट्रेलियात या खटाटोपात असेल तर हा लेख त्यांना जरूर पाठवावा. खोका मागवण्याआधी पाठवला तर अधिक उपयोग होईल.