पस्तिशीनंतरचे मातृत्व : दिनचर्येने काय साधते आणि काय साधत नाही

नवी दिल्ली : विवाह उशिरा झालेल्या किंवा पहिले अपत्य काही वर्षे पुढे ढकललेल्या दांपत्यांना पस्तिशी ओलांडल्यावर एक प्रश्न हमखास पडतो. उपचार केंद्राची पायरी चढण्यापूर्वी आपल्या हातात नेमके काय आहे? वैद्यकशास्त्राचे उत्तर दुहेरी आहे. आहार, वजन, तंबाखू, झोप आणि कामाची जागा यांत बदल केल्यास नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता काही प्रमाणात सुधारते. मात्र वयानुसार घटलेली स्त्रीबीजांची संख्या आणि गुणवत्ता कोणत्याही पथ्याने परत येत नाही. त्यामुळे काय बदलावे याइतकेच, त्या बदलाला किती महिने द्यावेत हेही ठरवावे लागते.

राजधानीतील करोल बाग हा परिसर या प्रश्नाच्या जणू मध्यावर उभा आहे. एका बाजूला महात्मा गांधींच्या हस्ते १९२१ मध्ये उद्घाटन झालेले, हकीम अजमल खान यांनी उभारलेले आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया महाविद्यालय व त्याभोवतीची जडीबुटीची दुकाने. दुसऱ्या बाजूला पुसा रोड आणि राजिंदर नगरकडे वंध्यत्व उपचार केंद्रांचे फलक. मधल्या गल्ल्यांत सोन्याचांदीचे कारखाने. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी भागातून देशभर पसरलेले मराठी गलाई व्यावसायिक येथेही पिढ्यान्‌पिढ्या भट्टीपुढे बसत आले आहेत. त्यांचे काम आणि अपत्यप्राप्ती यांचा संबंध सहसा कोणी विचारात घेत नाही. त्याकडे पुढे येऊ.

आधी वयाचे गणित. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत सुमारे १० ते २० लाख अपक्व स्त्रीबीजे असतात; वयात येईपर्यंत त्यांतील ३ ते ४ लाख उरतात. नवी बीजे तयार होत नाहीत. विशी आणि तिशीच्या सुरुवातीस निरोगी दांपत्याला एका मासिक चक्रात गर्भ राहण्याची शक्यता साधारण चारात एक असते, चाळिशीला ती दहात एकच्या आसपास येते. संख्येपेक्षाही गुणवत्तेचा मुद्दा गंभीर आहे. बीज जितके जुने, तितकी त्याच्या विभाजनात गुणसूत्रांची चूक होण्याची शक्यता अधिक. गर्भपाताचे वाढते प्रमाण प्रामुख्याने याचमुळे असते. डाऊन सिंड्रोम असलेले मूल जन्माला येण्याची शक्यता पस्तिसाव्या वर्षी सुमारे ३५० जन्मांत एक, तर चाळिसाव्या वर्षी सुमारे १०० जन्मांत एक असते. पुरुषाच्या वयालाही सूट नाही. चाळिशीनंतर गर्भधारणेस लागणारा काळ वाढतो, फरक इतकाच की ही घसरण संथ असते.

येथे एका तपासणीविषयी सांगणे आवश्यक आहे. अंडाशयातील साठ्याचा अंदाज देणारी एएमएच ही रक्तचाचणी आज सर्रास केली जाते आणि तिचा आकडा कमी आला की घरात रडारड सुरू होते. परंतु ३० ते ४४ वर्षे वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या स्त्रियांवरील अमेरिकेतील एका अभ्यासात (२०१७) एएमएच कमी असलेल्या स्त्रियांना नैसर्गिक गर्भधारणा होण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारात औषधांना अंडाशय कसा प्रतिसाद देईल, हे सांगण्यासाठी ती चाचणी उपयुक्त आहे. या महिन्यात दिवस जातील का, हे ती सांगत नाही.

शक्यता कमी असली की प्रत्येक चक्राचे मोल वाढते. म्हणून सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित उपाय म्हणजे दिवसांचा हिशेब. बीजांडकोशातून बाहेर पडलेले स्त्रीबीज १२ ते २४ तासच टिकते, शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. यावरून गर्भधारणेस अनुकूल काळ बीजविमोचनाचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस असा सहा दिवसांचा ठरतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासाने तो पक्का केला. चौदावा दिवस हा सर्वांना लागू असा समज आहे, तो चुकीचा आहे. चौदा दिवस मोजायचे ते पुढील पाळीपासून मागे. चक्र २८ दिवसांचे असेल तर बीजविमोचन चौदाव्या दिवसाच्या सुमारास होते. २५ दिवसांचे असेल तर अकराव्या. तिशीच्या उत्तरार्धात अनेक स्त्रियांची चक्रे आखूड होतात, त्यामुळे अनुकूल काळ पाळी थांबताच सुरू होऊ शकतो आणि चौदाव्या दिवसाची वाट पाहणाऱ्या दांपत्याच्या हातून तो दर महिन्याला निसटतो. या दिवसांत एक किंवा दोन दिवसांआड संबंध ठेवणे पुरेसे असते. ‘शक्ती साठवण्यासाठी’ आठ-दहा दिवस संयम पाळल्याने लाभ होत नाही, उलट शुक्राणूंची हालचाल मंदावते.

पती दिल्लीत आणि पत्नी गावी, सणासुदीला आणि जत्रेला भेट, अशी व्यवस्था असलेल्या घरांत हा हिशेब आणखी महत्त्वाचा ठरतो. लग्नाला तीन वर्षे झाली, अजून काही नाही, असे म्हणताना त्या तीन वर्षांत अनुकूल दिवसांत दोघे किती चक्रे एकत्र होते, हे मोजले तर आकडा पुष्कळदा एका हाताच्या बोटांवर येईल. अशा दांपत्याला वंध्यत्वाचा शिक्का लावणे अन्यायाचे आहे. वय पस्तिशीपुढे असेल तर आधी काही महिने एकत्र राहण्याची सोय करणे हाच पहिला उपचार.

आता भट्टीकडे. अंडकोश शरीराबाहेर असण्याचे कारणच तापमान आहे; शुक्राणूंच्या निर्मितीला शरीराच्या तापमानापेक्षा २ ते ४ अंश सेल्सियस कमी उष्णता लागते. मूस तापवत तासन्‌तास भट्टीपुढे मांडी घालून बसणारा कारागीर, बेकरीतील कामगार, लांब पल्ल्याचा वाहनचालक या सर्वांना हा धोका आहे. उष्णतेने शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते, पण उष्णता दूर झाली की बहुतेकदा ती सुधारतेही. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून आज केलेल्या बदलाचे फळ तपासणीत दिसण्यास तीन महिने जावे लागतात. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही.

उष्णतेपेक्षा चिवट आहेत ते धातू. जुन्या दागिन्यांच्या डाखात कॅडमियम असू शकते आणि ते वितळवताना त्याची वाफ श्वासावाटे फुप्फुसांत जाते. ‘केडीएम’ दागिन्यांची पद्धत बंद करण्यामागे ती करणाऱ्या कारागिरांच्या आरोग्याला होणारी हानी हेच कारण होते. शिशाचा शुक्राणूंवरील दुष्परिणाम तर वैद्यकशास्त्राला दीर्घकाळ ज्ञात आहे. शिसे हाडांत साठते, स्त्रीच्या गरोदरपणात हाडांतून रक्तात उतरते आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचते. कामाचे कपडे, चपला आणि हातांना चिकटलेली धूळ घरात येते तेव्हा कारखान्यात कधी न गेलेल्या पत्नीलाही तिचा संसर्ग होतो. कारखान्याच्याच माळ्यावर संसार असेल तर विचारायलाच नको. धुराडे आणि हवा बाहेर फेकणारा पंखा, तेजाब हाताळताना योग्य मुखपट, भट्टीपाशी न जेवणे, घरी येण्यापूर्वी अंघोळ आणि कामाचे कपडे वेगळे धुणे, या गोष्टी खर्चिक नाहीत. अपत्यासाठी प्रयत्न करणाऱ्या कारागिराने डॉक्टरांना आपला व्यवसाय आवर्जून सांगावा आणि रक्तातील शिशाची तपासणी करावी का, ते विचारावे. डॉक्टर स्वतःहून हा प्रश्न विचारतीलच असे नाही.

तंबाखूच्या बाबतीत शास्त्राला शंका उरलेली नाही. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची रजोनिवृत्ती इतरांच्या तुलनेत एक ते चार वर्षे आधी येते. पस्तिशीनंतर ही वर्षे सोन्याच्या मोलाची असतात. आपल्याकडे स्त्रिया सिगारेट ओढत नाहीत म्हणून हा मुद्दा परका वाटतो; पण मशेरी लावणाऱ्या मराठी स्त्रिया आजही कमी नाहीत आणि मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करत असल्याचे दिसले आणि त्यात धूरविरहित तंबाखूचा वाटा मोठा होता. पुरुषांच्या गुटख्याला आणि खैनीलाही तोच नियम. तरुणांच्या व्यायामशाळांतून मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने याहून फसवी. पौरुष वाढवण्यासाठी घेतलेले हे संप्रेरक शरीराची स्वतःची शुक्राणुनिर्मिती जवळजवळ थांबवू शकते.

वजनाबाबत मात्र सरसकट सल्ला देता येत नाही. पाळी अनियमित असलेल्या, पीसीओएसग्रस्त स्त्रीने ५ ते १० टक्के वजन कमी केल्यास बीजविमोचन पुन्हा सुरू होऊ शकते. ७० किलोच्या स्त्रीसाठी हे साडेतीन ते सात किलो होतात. नेदरलँड्समधील ५७७ स्थूल स्त्रियांवरील प्रयोगात (२०१६) एका गटाला वंध्यत्व उपचारांपूर्वी सहा महिने आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला गेला. त्या गटात नैसर्गिक गर्भधारणा २६ टक्के स्त्रियांना झाली, थेट उपचार घेणाऱ्या गटात १६ टक्क्यांना. इथवर वाचून टाळी वाजवावीशी वाटते. पण दोन वर्षांअखेर पूर्ण दिवसांचे, एकच आणि निरोगी बाळ नैसर्गिक प्रसूतीने होण्याचे प्रमाण कार्यक्रम करणाऱ्या गटात २७ टक्के, तर थेट उपचारांच्या गटात ३५ टक्के होते. वजन घटवण्याचे फायदे रक्तदाब आणि मधुमेहासाठी निर्विवाद आहेत. मात्र ३९ वर्षांच्या स्त्रीला ‘आधी पंधरा किलो कमी करा, मग पाहू’ असे सांगून वर्षभर घरी पाठवणे या आकड्यांच्या आधारे समर्थनीय ठरत नाही. दोन्ही गोष्टी बरोबरीने चालू शकतात.

आहाराविषयी बाजारात फार बोलले जाते, म्हणून येथे थोडक्यात. गर्भवती होण्याच्या किमान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यावे. बाळाच्या मेंदू आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत, म्हणजे पुष्कळदा पाळी चुकल्याचे नीट ध्यानात येण्यापूर्वीच, बंद होते. मधुमेह किंवा मिर्गीची औषधे असल्यास मात्रा डॉक्टर वाढवतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, तेव्हा हिमोग्लोबिन आधीच तपासावे. डाळी, पालेभाज्या, बाजरीची भाकरी, गूळ-शेंगदाणे हे घरचेच अन्न उपयोगी आहे. फक्त जेवणाबरोबरचा चहा तासभर पुढे ढकलावा, कारण तो लोह शोषू देत नाही. चहा-कॉफीतील कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा सल्ला दिला जातो. मद्य दोघांनीही टाळलेले बरे. थायरॉइड, रक्तशर्करा, रक्तदाब यांची तपासणी आणि रुबेलाची लस झाली आहे का याची खातरजमा याच टप्प्यावर करावी. लस घेतल्यास त्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. रक्तदाबाची आणि मुरुमांवरची काही औषधे गर्भाला घातक असतात, ती प्रयत्न सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून बदलावीत.

‘गर्भ राहण्याची हमी’ देणाऱ्या पुड्यांपासून दूर राहावे. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात स्त्रियांचे वंध्यत्व समाविष्ट आहे, म्हणजे ते बरे करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात मुळात बेकायदा आहे. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांच्या २००८ मधील अमेरिकी तपासणीत सुमारे एकपंचमांश नमुन्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. नोंदणीकृत वैद्यांचा सल्ला घेणे वेगळे आणि अनोळखी भस्म पोटात घालणे वेगळे. भट्टीतले शिसे टाळून पुडीतले खाण्यात शहाणपण नाही.

दिनचर्या जिथे हरते त्या जागाही ठाऊक हव्यात. बंद गर्भनलिका व्यायामाने उघडत नाहीत आणि आपल्या देशात त्यामागे जननेंद्रियांचा क्षयरोग हे महत्त्वाचे कारण असते, ज्याची लक्षणे पुष्कळदा दिसतच नाहीत. एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयातील गाठी, शुक्राणूंचा संपूर्ण अभाव यांनाही तपासणी आणि उपचार लागतात. म्हणून मुदत ठरलेली आहे : स्त्रीचे वय पस्तिशीच्या आत असेल तर नियमित प्रयत्नांचे एक वर्ष, ३५ किंवा त्यापुढे असेल तर सहा महिने आणि चाळिशीपुढे असेल तर प्रतीक्षा न करता लगेच सल्ला. पाळी फार अनियमित असेल, पोटात क्षय होऊन गेला असेल किंवा पुरुषाला लहानपणी अंडकोशाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर वय काहीही असो, थांबू नये.

तपासणीची सुरुवात बहुतेक घरांत सुनेपासून होते आणि वर्षभर तिच्यापाशीच अडकून राहते. वास्तविक वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी आणि अल्पखर्चिक चाचणी होय. त्यासाठी दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यावा लागतो आणि पहिल्या अहवालात दोष आढळल्यास काही आठवड्यांनी ती पुन्हा करतात. पुढे प्रयोगशाळेतील गर्भधारणेची वेळ आलीच, तर २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार स्त्रीसाठी वयाची मर्यादा २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ वर्षे आहे. स्वतःच्या बीजांपासून मिळणारे यश मात्र कायद्याच्या मर्यादेच्या पुष्कळ आधी, चाळिशीच्या सुरुवातीसच झपाट्याने ओसरू लागते.