चोडण बेट आणि तेथील खाजणशेती

गोमांतकांत मांडवी नदीच्या मुखाजवळ जीं बेटें आहेत, त्यांत चोडण हें एक प्रमुख होय. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीनें तेथें जातां येतें. प्रवासी बहुधा पक्षी पाहण्यासाठीं जातात. परंतु शेतकऱ्यानें पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे तेथील बांध.

या बेटाभोंवतीं दिवसांतून दोनदां भरतीचें खारें पाणी चढतें, आणि सखल शेतें त्या पाण्याच्या पातळीखालीं असतात. अशा जमिनीस खाजण म्हणतात. कोंकणांतील खारजमिनीचीच ती बहीण. पूर्वजांनीं चिखल, पेंढा व जांभा दगड यांचे बांध घालून ही जमीन खाडीपासून सोडविली. बांधांत 'मानस' नांवाचा दरवाजा असतो. रायगडकडे त्यास उघाडी म्हणतात. त्याच्या लांकडी झडपा पाण्याच्या दाबानेंच चालतात. भरतीचें पाणी बाहेरून रेटूं लागलें कीं झडप मिटते. ओहोटी लागली कीं आंतील पाणी तिला ढकलून निघून जातें. पावसानें मातींतील क्षार धुऊन नेले म्हणजे भात पेरतात. कोरगूट हें जुनें वाण उत्पन्नास बेताचें, पण खारटपणास टिकणारें आहे.

ही व्यवस्था पोर्तुगीजांनीं आणलेली नव्हे. त्यांनीं इ. स. १५१० मध्यें हा मुलूख घेतला, आणि १५२६ मध्यें येथील गांवकऱ्यांचे चालत आलेले रिवाज सनदेंत लिहून घेतले. गांवकरी ही संस्था जमीन सामाईक राखी, शेतें लिलांवानें कसावयास देई आणि त्या उत्पन्नांतून बांधांची डागडुजी करी. बांध एकाचा नव्हता, म्हणूनच तो सर्वांचा होता.

गोमांतक १९६१ मध्यें मुक्त झालें. १९६४ च्या कूळकायद्यानें कसणारास संरक्षण मिळालें, तें न्याय्यच झालें. परंतु बांध राखण्याचें काम पुढें कुळांच्या संघांकडे आलें, आणि तें सर्वत्र सारख्या दक्षतेनें झालें नाहीं. मानशीवरील मासळीचा मक्ता भातापेक्षां किफायतशीर ठरूं लागला, तेव्हां कांहीं ठिकाणीं खारें पाणी शेतांत मुद्दाम राहूं देण्यांत आलें. एकदां मीठ मुरलें कीं तें शेत पुन्हा पिकावर येण्यास अनेक पावसाळे लागतात.

बेटाच्या पश्चिम टोकास तिवर व कांदळ यांचें दाट वन आहे. १९८८ मध्यें तेथें डॉ. सलीम अली यांच्या नांवानें पक्षी-अभयारण्य झालें. त्याचें क्षेत्र सुमारें १·७८ चौरस किलोमीटर आहे. बगळे, खंड्या, चिखलांतील निवट्या असे नाना जीव तेथें नांदतात. हें वन शेतकऱ्याचें वैरी आहे असें कोणीं समजूं नये. बांधाबाहेर तें लाटांचा मार सोसतें व मासळीच्या पिलांस आसरा देतें. तेंच बांधाच्या आंत उगवूं लागलें, तर मात्र बांध फुटल्याची ती खूण समजावी.

आमच्या किनाऱ्यावरील वाचकांस यावरून एवढेंच सुचवावेंसें वाटतें: पावसापूर्वीं, आणि प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर, बांधावरून एक फेरी घालावी. खेकड्याचें बीळ लहान असतांना मूठभर चिखलानें बुजतें. दुर्लक्ष झालें, तर तेथूनच खाडी शेतांत शिरते. खाजणांत शेजाऱ्याचा बांध तोच आपला बांध होय.