घोडा आणि लांब पल्ला – लेखांक ५ : अजिंक्यपदाच्या आरंभरेषेपर्यंत

गेल्या आठवड्यात आपण व्हेट गेट पाहिले. फेरी संपवून आलेल्या घोड्याची नाडी १५ मिनिटांच्या आत मिनिटाला ६४ ठोक्यांपर्यंत उतरावी लागते. मग पशुवैद्य त्याला दुडकीने पळवून चाल पाहतात, हिरड्यांचा रंग आणि आतड्यांचे आवाज तपासतात. पण जागतिक अजिंक्यपदाच्या १६० किलोमीटरच्या एन्ड्युरन्स स्पर्धेत उतरण्याचा हक्क कोणाला मिळतो, आणि तो कसा कमवावा लागतो? आजचा विषय तोच.

मॅरेथॉनच्या धावपटूला ठरलेल्या वेळेच्या आत धावून दाखवावे लागते. जितका वेगवान, तितका पात्र. एन्ड्युरन्समध्ये पहिली अट वेगळी आहे: अंतर पूर्ण करणे. आणि पूर्ण केले असे केव्हा म्हणायचे? शेवटची रेषा ओलांडल्यावर होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत घोडा पुढे दौडण्यास योग्य ठरला तरच. सर्वांत आधी पोहोचलेला घोडा तपासणीत लंगडताना दिसला, तर त्याचा क्रमांक जातोच, शिवाय ती दौड पात्रतेच्या हिशेबातही धरली जात नाही.

आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने, म्हणजे एफईआयने, हा मार्ग टप्प्याटप्प्याने आखला आहे. सुरुवात नवोदितांच्या दौडींपासून होते: ४० ते ७९ किलोमीटरच्या दोन, आणि नंतर ८० किलोमीटरच्या पुढच्या दोन. या टप्प्यावर वेगावर वरची मर्यादा असते. फार जोरात दौडलात, तर ती दौड पात्रतेसाठी मोजत नाहीत. त्यानंतर ताऱ्यांची पातळी लागते. १०० ते ११९ किलोमीटरला एक तारा, १२० ते १३९ ला दोन, १४० ते १६० ला तीन. खालची पातळी पार केल्याशिवाय वरची खुली होत नाही.

यातला सर्वांत विचारपूर्वक केलेला नियम असा, की स्वार आणि घोडा यांची पात्रता वेगवेगळी मोजली जाते. वीस वर्षांचा अनुभव असलेला स्वार नव्या घोड्यावर बसला, तर त्याच्या अनुभवाने घोड्याचे टप्पे माफ होत नाहीत. मुरलेल्या घोड्यावर बसल्यामुळे नवखा स्वारही थेट वर जात नाही. अजिंक्यपदासाठी त्या पुढे जाऊन जोडी म्हणूनही कामगिरी दाखवावी लागते. घोडा थकल्याची पहिली खूण पशुवैद्याच्या आधी स्वाराला जाणवायला हवी, आणि ती जाण एकत्र काढलेल्या तासांतूनच येते.

या सगळ्याला इतका वेळ का द्यायचा? उत्तर घोड्याच्या शरीरात आहे. सरावाने त्याचे हृदय आणि स्नायू काही महिन्यांत तयार होतात. हाडे, स्नायुबंध आणि अस्थिबंध यांना मात्र कितीतरी जास्त काळ लागतो. म्हणजे दम भरपूर, पण पाय अजून कच्चे, अशी अवस्था प्रत्येक तरुण घोड्याच्या वाट्याला येते. नेमक्या त्याच काळात मालकाला वाटते, की घोडा तयार झाला. वयाची अट इथे आडवी येते. तीन ताऱ्यांच्या स्पर्धेसाठी घोडा किमान आठ वर्षांचा हवा.

नियम कडक होत गेले, त्याला कारणेही घडली. सपाट वाळवंटी मार्गांवर वेग वाढत गेला, तसे घोड्यांच्या पायांचे अस्थिभंगही वाढले. २०१५ मध्ये घोड्यांच्या कल्याणाच्या प्रश्नावरून एफईआयने संयुक्त अरब अमिरातीच्या महासंघाला काही महिने निलंबित केले. १२ सप्टेंबर २०१८ रोजी अमेरिकेतील ट्रायन येथे जागतिक स्पर्धेची दौड उष्णता आणि दमटपणामुळे मध्येच थांबवून रद्द करावी लागली. पुढे एका समितीने नियमांची फेरतपासणी केली आणि २०२० पासून पात्रतेच्या अटी अधिक कठोर झाल्या.

भारतासाठी हा मार्ग आता अनोळखी राहिलेला नाही. केरळच्या निदा अंजुम चेलाट हिने २०२३ मध्ये फ्रान्समधील कास्तेलसाग्रा येथे युवा गटाच्या जागतिक अजिंक्यपदात १२० किलोमीटर पूर्ण केले. असे करणारी ती पहिली भारतीय. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील मोंपाझिए येथे तिने वरिष्ठ गटाचे १६० किलोमीटरही पूर्ण केले. तिचा सराव मुख्यतः आखाती देशांत झाला, कारण तारांकित दौडी तिथे नियमित होतात. भारतातून आणखी जोड्या घडायच्या असतील, तर खालच्या पातळीच्या, वेगाची मर्यादा असलेल्या दौडी आपल्याकडेच वरचेवर व्हायला हव्यात. एखाद्या तरुण स्वाराने जागतिक स्पर्धेचे स्वप्न पाहण्याआधी त्याच्या जिल्ह्यात चाळीस किलोमीटरची शिस्तबद्ध दौड असणे जास्त गरजेचे आहे.

हे टप्पे कमी करा, चांगल्या घोड्यांना सवलत द्या, अशी मागणी अधूनमधून होते. मला ती मान्य नाही. स्वाराला नकार देता येतो. घोडा बहुधा पाय साथ देतील तोवर धावत राहतो. त्याच्या वतीने थांबा म्हणणारी ही नियमावली आहे, आणि तिच्यातला प्रत्येक महिना त्याच्या हाडांना मिळालेला वेळ आहे.

पुढील आठवड्यात : दोन दौडींमधील सक्तीची विश्रांती.